शेजारच्या सीटवरची पोती

चि. थोरलीस अनेक आशीर्वाद.

तुम्ही सगळे खुशाल असालच. तुझी आईही खुशालच असणार; दोन आठवडे झाले, मुद्दाम चौकशी करावी असं काही नाही. माझी तब्येत उत्तम आहे, फक्त मला चहा करता येतो हा समज तेवढा गेला. पत्राचं कारण निव्वळ तांत्रिक आहे.

गाडी डावीकडे ओढते, हे मी आठ वर्षं सांगतोय. तुझी आई म्हणायची, गाडी नाही, तुम्ही ओढता. मग त्या दिवशी फाटकाचा खांब थेट तिच्या कानाशी आला (खांब जुनाच होता, कधीतरी पडणारच होता) आणि "एकतर ही गाडी ठेवा, नाहीतर मला" म्हणून ती तुझ्याकडे निघून आली. म्हटलं, दोष कुणाचा याचा एकदाचा सोक्षमोक्ष लावू. गाडी गॅरेजात नेली. मिस्त्रीने चाकं सरळ आहेत का बघायला दोन्ही बाजूंनी दोरे ताणले, टायरवर हात फिरवायला लावला: आतली कड पार गुळगुळीत, बाहेरची नवीकोरी. म्हणाला, "काका, पुढची चाकं एकमेकांपासून तोंड फिरवून चालतात. दोघांनाही वाटतं आपलंच बरोबर, आणि झिजतात दोघंही." (त्याला आमच्या घरचं काही माहीत नाही.)

जुन्या गाडीच्या स्प्रिंगा दबलेल्या असतात, म्हणून चाकं जुळवताना रोजची माणसं आत बसलेली हवीत, असं त्याचं म्हणणं. मी बसलो. शेजारी कोण बसतं, त्याने विचारलं. सध्या परगावी आहे, म्हटलं. मग वजन विचारलं. चौतीस वर्षं संसार करून मला ते ठाऊक नाही, हे चारचौघांत उघडं पडलं. अंदाजे आकडा सांगितला (इथे लिहीत नाही, पत्र ती वाचणारच). तेवढ्या वाळूची पोती शेजारी ठेवली आणि चाकं जुळली.

आता अडचण अशी, की पोती काढली की गाडी पुन्हा ओढते. त्यामुळे बाजारात पोत्यांसकट जातो. पोती वळणावर "हळू" म्हणत नाहीत, मी ब्रेक मारायच्या आधी डॅशबोर्ड धरत नाहीत. मला अजिबात करमत नाही. म्हणजे गाडी चालवताना.

दूध उतू जातंय, म्हणून इथेच थांबतो.

तुझे बाबा

ता. क. मिस्त्री म्हणतो, पोती हा तात्पुरता इलाज. एकदा खरं माणूस बसवून तपासायला हवं. शनिवारची वेळ घेतली आहे. आईला तेवढं सांग. गाडीसाठी.

ता. क. २. पोती काढूनही गाडी सरळच चालते. हे तिला सांगू नकोस.