वांगं, टोमॅटो आणि गोरक्षभाऊजी

मी, तुकाबाई राघू शेंडगे, वय ७३, धंदा रोपवाटिका, राहणार बोरी बुद्रुक, ता. जुन्नर, जि. पुणे, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. प्रकृती ठणठणीत आहे. आज सकाळीच मिरचीचे चाळीस ट्रे उचलून ठेवले. मिळकत सगळी माझ्या कष्टाची आहे.

१. राहते घर मुलगा भरत यास. तो चाकणला कंपनीत आहे. शेती त्याच्याने होणार नाही, त्याबद्दल माझा राग नाही.

२. रोपवाटिका, दोन्ही शेडनेट व विहिरीच्या पाण्यातला माझा हिस्सा सून पुष्पा हिच्या एकटीच्या नावे. नवी आली तेव्हा भोपळ्याची पहिली फुले गळाली म्हणून रडत बसली होती. मी म्हटले, "अगं, ती नराची फुलं. मादीच्या फुलाखाली इवलासा भोपळा असतो, तो बघ." दुसऱ्या दिवशी तिने काकडी, कारले, दोडका, कलिंगड असे सगळे वेल तपासले आणि ओरडली, "आत्याबाई, ही तर समदी भावंडंच हायेत!" तेव्हाच माझे ठरले.

३. धाकटे दीर गोरक्ष. आठ वर्षांपूर्वी त्यांची वांगी मर रोगाने गेली आणि त्याच वावरात ते टोमॅटो लावायला निघाले. मी चारचौघांत म्हटले, "भाऊजी, वांगं, टोमॅटो, मिरची, बटाटा एकाच कुळातली. एकाचं दुखणं दुसऱ्याला लागतं. औंदा घेवडा लावा." ते म्हणाले, "वहिनी, मला टमाट्याचं लगीन न्हाई लावायचं, पीक काढायचंय!" लोक हसले.

फुलावर आलेली झाडे उभी सुकली. मी त्याच लोकांसमोर म्हटले, "आता दहाव्याला बोलवा." हे मी बोलायला नको होते. तेव्हापासून त्यांनी बोलणे टाकले.

पुढच्या हंगामात मी मर न लागणाऱ्या रानवांग्याच्या खुंटावर टोमॅटोची चारशे कलमे बांधली आणि राजुरीच्या सुनील औटीच्या टेम्पोतून त्यांच्याकडे धाडली. आळेफाट्याच्या रोपवाटिकेतून आणली असे सांगायला लावले. एकही झाड मेले नाही. भाऊजींनी गावभर सांगितले की त्यांची जमीनच सुधारली. मी गप्प बसले. कलमाचा चाकू आणि बांधावरची रानवांगी मी त्यांना देते आणि त्यांची माफी मागते.

४. इथवर पुष्पाने वाचले आणि म्हणाली, "माफी मेल्यावर कशाला? ते बांधापल्याड तर बसल्यात." मी तशीच उठून गेले. "भाऊजी, त्या दिवशी मी लई वाईट बोलले."

त्यांनी खुडलेली कांद्याची पात बाजूला ठेवली. मग म्हणाले, "ती रोपं तुमचीच व्हती. खोडावरची तुमच्या हातची गाठ मला पयल्याच दिवशी दिसली."

"मग आठ वर्सं गप का?"

"तुमी आधी बोलाल म्हणून."

दोघेही हसलो. चहा त्यांच्याकडेच झाला. सबब वरील माफी आता रद्द समजावी. चाकू मात्र त्यांचाच.

५. माझ्यामागे कोणी दागिने शोधू नयेत, नाहीत. ट्रेमध्ये बी टाकलेले असेल तर आधी त्याला पाणी घालावे, मग रडावे.

हे वाचून, समजून, खुशीने खाली सही केली.

सही : तुकाबाई राघू शेंडगे
आमच्यादेखत सही झाली, साक्षीदार :
सुनील धर्माजी औटी, राजुरी
मंगल डोंगरे, बोरी बुद्रुक
ठिकाण : बोरी बुद्रुक
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५