तुझ्या बिल्डिंगच्या बाटल्या

१२ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू रागावून सांगतेस, म्हणून पत्रच बरं. मंदी आमच्या गोठ्यापर्यंत आली. फवारणी नसलेला चारा, इंजेक्शनाशिवाय काढलेलं दूध, काचेच्या बाटल्या, सगळं तेच आहे, घेणारे गेले. डॉक्टरीणबाईंनी बंद केलं, बँकवाल्यांनीही. परवा एक गिऱ्हाईक तुझ्या भाच्याला म्हणालं, की आधी नोकरी टिकू दे, मग सेंद्रिय पिऊ. तो हसला, चारा टाकायला गेला आणि जेवायला आलाच नाही.

मी अजून धार काढताना शाळेतल्या कविता म्हणतो. गुरुजींनी घोकून घेतलेली वृत्तं गायींची नावं ठेवायला तेवढी कामी आली. मालिनी, शिखरिणी मजेत आहेत. मंदाक्रांता नावाला जागून सगळ्यांच्या शेवटी गोठ्यात पोचते.

तुझ्या बिल्डिंगमधली मंडळी अजून घेतात ना? खरं काय ते कळव.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा दादा


२० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आमच्या बिल्डिंगची काळजी सोड. इथली माणसं सहली सोडतील, बाटली सोडणार नाहीत. उलट तिसऱ्या मजल्यावरच्या दोघींनी वाढवून मागितलंय. भाच्याला सांग, क्रेट माझ्याच दारात उतरव. वाटायचं मी बघते, त्याला कशाला जिन्यांची दगदग?

यांची फॅक्टरी आठवड्यातून तीनच दिवस चालते. बाकीचे दिवस घरी बसून मला भाजी चिरायला शिकवतात आणि फ्रिजमध्ये हात घालायला जागा नाही म्हणून कुरकुरतात. तू औषधं वेळेवर घे. कवितेने रक्तदाब उतरत नाही.

वहिनी असती तर तिने तुला चांगलं झापलं असतं. तिच्या वाटचा लोभही माझ्यावर असू दे.
धाकटी


४ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र घरात मोठ्याने वाचलं. काल पलीकडचा मोठा डेअरीवाला आला होता. अख्खा गोठा घेतो म्हणाला, एकही जनावर वेगळं करणार नाही, आणि तुझ्या भाच्याला तिथेच देखरेखीला ठेवतो. सूनबाई मानेने हो हो करत होती. पोरगा मात्र म्हणाला, की आत्याची मंडळी आहेत तोवर गोठा मोडायचा नाही. डेअरीवाला चहा न घेताच गेला.

मला काय, आनंदच झाला. तुझ्या बिल्डिंगला माझा नमस्कार सांग, अगदी मजल्या-मजल्यावर.

तुझ्यावरचा लोभ या पत्राने दुणावला आहे.
दादा


२७ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे आधी एकट्याने वाच.

बिल्डिंगमध्ये कोणीही दूध घेत नाही. थंडीतच सगळ्यांनी बंद केलं. क्रेट मीच घेत होते. दही लावलं, लोणी काढलं, वॉचमनला दिलं. शेवटी त्याची बायको म्हणाली, बाई, पुरे आता, पोरं बाटली बघून पळतात. मग सिंकमध्ये ओतलं, दादा. यांना आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडून.

तू खरं कळव म्हणालास, पण माझी जीभ उचलेना. वाटलं, महिनाभर रेटू, दिवस पालटतील. डेअरीवाल्याचं वाचलं. त्याच दिवशी लिहायला हवं होतं, तेही जमलं नाही. काल यांची फॅक्टरी कायमची बंद झाली. उद्यापासून क्रेट पाठवू नका. त्या डेअरीवाल्याकडे परत जा. त्याला सांगा, म्हातारी खोटं बोलली.

लोभ मागायला तोंड नाही. रागावून का होईना, लिही.
धाकटी


१९ मे

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद.

डेअरीवाल्याकडे जाऊन आलो. मीही गेलो, पांढरे केस दाखवायला. त्याचेच टँकर न विकता परत येताहेत. म्हणाला, आजोबा, तेव्हा तुम्ही नाही म्हणालात म्हणून मी वाचलो.

काल व्यापारी गायी घेऊन गेला. दोन ट्रक, दोन दिशांना. कुठे नेणार हे तुझ्या भाच्याने विचारलं नाही, मीही नाही. मंदाक्रांता फळीवर पाय ठेवेना. व्यापाऱ्याच्या माणसाने दांडकं उचललं, तेव्हा मीच पुढे झालो आणि रोजच्यासारखी कविता म्हणत ट्रकमध्ये चढलो. ती माझ्या मागोमाग आली. मग मी उतरलो.

पोराला तुझं सांगितलं. तो म्हणाला, आत्याने आधी सांगितलं असतं तर, आणि तिथेच थांबला. मी त्याची बाजू घेतली नाही. तुझीही घेतली नाही.

आज सूनबाईने दुकानातून पिशवीचं दूध आणलं. चहा केला. एकेक घोट घेऊन आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. चहा अगदी नेहमीसारखा लागत होता.

लोभ कुठे जातोय? आहे.
दादा