इंग्रजीत केलेल्या चहाडीबद्दल अक्कास पत्र

कऱ्हाड, मंगळवार, दुपार

ती. राहीअक्काच्या पायांवर धाकट्या मंगलचं डोकं, आणि तू ऊठ म्हणेपर्यंत ते तिथंच राहील.

तुझा गुडघा कसा आहे? दाजींची साखर उतरली का? म्हैस व्यायली का? हे सगळं मी फोनवर विचारलं असतं, पण अकरा दिवस झाले तू माझा फोन उचलत नाहीस. परवा उचललास म्हणून मी हरखले, तर नुसती कुकरची शिट्टी ऐकू आली आणि फोन बंद. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच बंद करता येत नाही. (फाडता येतं, पण तू कागद फाडणारी नव्हेस. जुन्या लग्नपत्रिकांच्या मागे तू किराण्याची यादी लिहितेस.)

आता पहिल्यापासून सांगते. माझ्या साईराजनं केरळची बायको केली. पोरगी सोन्यासारखी, पण तिला मराठी येईना आणि मला इंग्रजी. सहा महिने आम्ही दोघी व्हिडिओ कॉलवर एकमेकींकडं बघून नुसत्या हसत होतो. गाल दुखायला लागले तेव्हा मी वाचनालयातल्या इंग्रजीच्या क्लासात नाव घातलं. शिकवणारी संयोगिता माझ्या लेकीच्या वयाची असेल, पण शिस्त अशी की अंगणवाडीत तीस वर्षांत मी पोरांना लावली नसेल. तिचा नियम एकच. क्लासच्या बायकांनी आपसात फक्त इंग्रजी बोलायचं, बाजारात भेटलं तरी. अक्का, सगळा घात या नियमानं केला.

माझ्या शेजारी शालन नावाची बाई बसायची. दोन महिने आम्ही रोज शेजारी बसलो आणि रोज तेच बोललो. हाऊ आर यू, आय ॲम फाइन, टुडे व्हेरी हॉट. मराठीत असतो तर पहिल्या पाच मिनिटांत माहेर, सासर, आडनाव आणि मामाचं गाव एवढं तरी निघालं असतं. इंग्रजीत माहेराला काय म्हणतात तेच दोघींना ठाऊक नव्हतं. त्यामुळं तुझ्या अंकिताला बघून गेलेल्या शंभूराजची ही सख्खी आत्या, हे मला कळायला काही मार्गच नव्हता.

त्या आठवड्यात धडा होता बोलण्याच्या शब्दांचा. मला वाटायचं गप्पा, चकाट्या, कुचाळक्या आणि फुशारक्या हे सगळं आपल्याच मुलखात पिकतं. पण त्या लोकांनीही काही कमी ठेवलेलं नाही गं. चिटचॅट वेगळं, गॉसिप वेगळं, ब्रॅगिंग आणखी वेगळं. बढाई मारणारा माणूस स्वतःचा ट्रम्पेट स्वतःच वाजवतो. गुपित फोडणारा बीन्स सांडतो. (आपल्याकडं घेवडा सांडला तर गोळा करून आमटी करतात.) आणि लय बोलणारा माणूस बोलून बोलून गाढवाचा मागचा पाय गळायला लावतो. गाढवाचा काय दोष आणि मागचाच पाय का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, इडियमला, म्हणजे वाक्प्रचाराला, 'का' असं विचारायचं नसतं.

घरचा अभ्यास म्हणून प्रत्येक शब्दाचं एक वाक्य करून आणायचं होतं. मनातलं काही रचायचं तर तेवढं इंग्रजी लागतं. माझ्या इंग्रजीत तेव्हा फक्त नातेवाईक मावत होते. मी उभी राहिले आणि आधी दाजींचं वाक्य वाचलं, "माय ब्रदर-इन-लॉ भाऊसो ऑफ सांगली ब्लोज हिज ओन ट्रम्पेट. ही सेज ट्वेल्व्ह एकर शुगरकेन. इट इज फोर." बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग तुझं वाक्य वाचलं, गाढवाच्या पायाचं. (ते प्रेमानं होतं.) पुन्हा टाळ्या. अक्का, अंगणवाडीत मी तीस वर्षं टाळ्या वाजवायला शिकवलं, पण माझ्यासाठी कुणी वाजवल्या नव्हत्या. मला चढली. बीन्सच्या वाक्यात मी सांगून टाकलं की माझी भाची अंकिता लग्नानंतर लॅबमधली नोकरी सोडणार नाही, तिच्या वडिलांनी मुलाकडच्यांना ती सोडेल असं परस्पर सांगितलंय आणि तिच्या मनातलं त्यांना माहीतच नाही. बाईंनी वहीवर स्टार काढून दिला. एकट्या शालननं टाळी वाजवली नाही. ती मान खाली घालून काहीतरी लिहीत होती.

चार दिवसांनी शंभूराजच्या वडिलांनी दाजींना फोन करून, सहज म्हणून, ऊस नक्की किती एकर आणि मुलीला नोकरीचं कुणी विचारलंय का, असं विचारलं. पुढचं तुला माहीत आहे. दाजींनी मला फोन करून एवढंच म्हटलं, "आमी मराठीत झाकलं ते तुमी इंग्रजीत उघडं केलंत."

मी दुसऱ्याच दिवशी पत्ता काढून शालनच्या घरी गेले. माफी इंग्रजीत कागदावर लिहून नेली होती, कारण नियम. दारात उभं राहून आय ॲम व्हेरी सॉरी एवढं वाचलं आणि पुढची अक्षरं दिसेनात. शालन म्हणाली, "आवं मंगलताई, आत या. इंग्रजीत रडायला न्हाई जमायचं आपल्याला."

अक्का, दोन महिन्यांत पहिल्यांदा मी तिचं मराठी ऐकलं. बाई लय बोलते गं! बिचारीनं इतके दिवस सगळं गिळलं होतं. अर्धा तास आमचा नुसता माहेराचा झाला. मग तिनं स्वतःची वही काढली. त्यात लाजेपायी न वाचलेलं वाक्य होतं. तिचा भाऊ स्वतःचा ट्रम्पेट वाजवतो, शंभूराज मोठा ऑफिसर आहे म्हणून सांगत सुटतो, पण शंभूराज मिलिटरीत क्लार्क आहे, गुड बॉय. खाली माझं ऐकताना तिनं लिहिलं होतं, सेम टू सेम. दुसऱ्याची बढाई कशी उघडी पडते ते ऐकून भावाला लाज वाटावी म्हणून तिनं त्याला माझी वाक्यं सांगितली होती. त्यानं त्यातली सोयीची तेवढी उचलली आणि दाजींना फोन लावला.

मग माझ्यासमोर तिनं जबलपूरला शंभूराजला फोन केला आणि आवाज मोठा ठेवला. पोरगा कमी बोलतो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आत्या, नोकरी सोडायची अट मी घातलीच न्हवती. मी वर्षातनं दोन म्हयने घरी. बाकीचे दहा म्हयने तिनं आपल्या घरात बसून काय करायचं?" मग, तिला विचारून तिचा नंबर द्याल का, असं त्यानं मला विचारलं. विचारून, म्हणाला. मला तिथंच तो आवडला. आता दोघं बोलतात. अंकिता म्हणते, तो बोलत नाही फारसा, पण मी काल काय बोलले ते त्याला आज आठवतं.

आता खरं लिहिते. तुझा राग एकरांचा नाही, गाढवाचाही नाही. तुझ्या लेकीनं मनातलं आधी मला सांगितलं, तुला नाही, हे तुला लागलंय. मलाही लागलं असतं. पण ती मला काय म्हणाली ते ऐक. आईला सांगितलं तर आई माझ्यासाठी पप्पांशी भांडेल, आणि भांडली की चार दिवस जेवत नाही, म्हणाली. तुझ्या जेवणापायी पोरीनं तोंड शिवलं होतं, आणि ते मी भर क्लासात उसवलं. त्याची माफी मी मराठीतच मागते.

दाजींना नमस्कार, अंकिताला गालावर एक पापा, म्हशीला माझ्या वाटणीची एक पेंडी जास्त.

पोटात काही न राहणारी तुझी,
मंगल

ता. क. शंभूराज सुट्टीवर आलाय. तो, त्याचे आईवडील आणि शालन येत्या रविवारी अकरा वाजता तुमच्याकडं येणार आहेत. मी तुझ्या वतीनं या म्हणून सांगून बसले आहे. घर आवरून ठेव.

ता. क. दुसरं. दाजी रागावलेले आहेत असं तुला वाटत असेल तर ते खोटं आहे. रोज सकाळी फिरायला जातो म्हणून ते घाटावर बसतात आणि शंभूराजच्या वडिलांशी तासभर फोनवर बोलतात. दोघांचं लय जमलंय. कालपर्यंत दोघांनी मिळून चौदा एकर आणि एक कर्नल एवढी मजल मारली होती. हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं आणि तुला सांगू नको म्हणाले.

ता. क. शेवटचं, आणि खरं तर याच्यासाठीच एवढं लिहिलं. रविवारी मला कुणी बोलावलेलं नाही. साडेसातच्या गाडीनं मी वेळेत पोचते. अंकिताकरवी नुसतं ये एवढं कळव. मी स्वयंपाकघरात बसून कांदे चिरीन आणि पोहे होईपर्यंत तोंड उघडणार नाही. तुमचे पोहे लवकर होतात ना?