साडेबारा इंचांचा दस्ता

४ जून

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तीनदा फोन केला, तिन्ही वेळा तू कट केलास. म्हणून पत्र लिहितोय. पत्र फार तर फाडशील, पण वाचल्याशिवाय फाडणार नाहीस, एवढं मी तुला ओळखतो.

बाबांच्या रायफलीचा खांद्याला लावायचा लाकडी दस्ता मोडला. खुंटीवरून पडली. मुठीपाशी, जिथे लाकूड सगळ्यात बारीक असतं, तिथे चीर जाऊन सरळ दोन तुकडे झाले. नळी आणि बाकीचं लोखंड शाबूत आहे. २० ऑगस्टला परवान्याची तपासणी आहे. बंदूक पूर्ण आणि चालती दाखवली नाही तर ती जमा करून घेतात, आणि जमा झालेल्या बंदुकीचे करवतीने तुकडे करतात. परवान्याच्या कचेरीत खिडकीवरच्या माणसाला दोनदा विचारून आलोय.

बाबांनी नव्या दस्त्यासाठी अक्रोडाची एक फळी बाजूला ठेवली होती. ती घरातच असणार, म्हणजे तुझ्याकडे. पार्सलने पाठवून दे. इथे एक बंदुकांचा दुरुस्तीवाला आहे, तो करून देईल.

बाकी सगळं ठीक. हिने तुला नमस्कार सांगितलाय. तिचा तरी घे.

लोभ आहेच असं समजून थांबतो.
बारक्या


११ जून

चि. बारक्या यास, अ. उ. आ.

वाचलं. फाडलं नाही, फाइलला लावलंय.

खुंटीवरून पडली म्हणे! अरे, हीच बंदूक घेऊन बाबा ओढ्याच्या दरडीवरून खाली घसरले होते. त्यांचा खांदा निखळला, दस्त्याला खरचटलंसुद्धा नाही. आणि तुझ्या घरात एवढ्याशा उंचीवरून पडून तिचे दोन तुकडे? लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तू, तुला एक खुंटी धड ठोकता येत नाही?

फळी मिळणार नाही. ती माझ्या कामाची आहे. अठ्ठावीस वर्षं तिच्यावर जुनं ब्लँकेट आणि वर मांजरपाट गुंडाळून मी बाह्यांना इस्त्री करते. शिवणाच्या दुकानातली दुसरी कुठलीही वस्तू माग, कात्रीसुद्धा देईन. ती फळी नाही.

बाबा गेल्यावर आठ दिवसांत तू बंदूक स्वतःच्या नावावर करायला ना-हरकतीचा कागद माझ्यापुढे सरकवलास. मीही वेड्यासारखी सही केली. मुलगा आहे, नीट ठेवील, असं वाटलं मला. वर्षही झालं नाही अजून. बाजारात जुने दस्ते मिळतात, घे विकत.

बायकोला आशीर्वाद. तिला म्हणावं, खुंट्या तपासून घे.

माया आहे, पण सध्या कुलपात आहे.
ताई


२ जुलै

ती. ताईस, नमस्कार.

तुझा सल्ला ऐकला. जुन्या बंदुकांचं सामान विकणाऱ्याकडून त्याच कंपनीचा, त्याच जातीचा दस्ता मागवला. बसला नाही. दुसऱ्याकडून दुसरा मागवला. तोही बसला नाही. दस्ता लोखंडाला दोन स्क्रूंनी जोडतात. पुढचा बरोबर बसतो, मागचा बोटभर मागे पडतो. दुरुस्तीवाला हसायलाच लागला. म्हणाला, हे भोक कंपनीचं नाही, कुणीतरी घरी पाडलंय, जगात कुठलाही तयार दस्ता हिला बसायचा नाही.

खरं सांग, तुला हे माहीत होतं ना? बाबांच्या हत्यारांच्या पेटीला हात लावायची परवानगी फक्त तुला होती. तू डावरी, बाबा डावरे. दस्त्यावरचा गालाचा उंचवटासुद्धा डावा गाल टेकवणाऱ्यासाठी. मी उजवा, म्हणून मी जन्मभर मागे उभा राहून काडतुसांची पिशवी धरायची! एकदा डाव्या खांद्यावर घेऊन मारायला लावली, नेम चुकला, तर तुम्ही दोघं परत येईपर्यंत हसत होता. आणि घरी काही झालं की चोर मीच. पंधरा वर्षांचा असताना माझ्या शाळेच्या शर्टाच्या बाहीवर कुणीतरी पेन्सिलीच्या रेघा ओढल्या आणि आईच्या दोन थपडा मी खाल्ल्या. बाबा समोर पेपर वाचत होते. एक शब्द बोलले नाहीत.

मागून मागून काय मागितलं? एक लाकूड. दीड महिना उरलाय.

उत्तराची वाट बघतो.
बारक्या


९ जुलै

चि. बारक्या यास, आ.

हो, माहीत होतं. जुन्या भोकाचे आटे गेले म्हणून बाबांनी मागे नवं भोक पाडलं, तेव्हा दिवा मीच धरला होता. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. दोन दस्ते येऊन परत गेले हे वाचून मला हसू आलं. खोटं कशाला बोलू?

पण बंदूक करवतीखाली जाऊ द्यायची नाही, हे माझंही म्हणणं आहे. सुतारकाकांशी बोलले. बाबांचे दोस्त, अजून रोज रंधा मारतात. ते म्हणाले, लाकूड असेल तर महिन्यात करून देतो, पण मोडलेले दोन्ही तुकडे नमुन्याला हवेत, आणि लोखंड लाकडात बसतं त्या बाजूचा कागदी छाप. भोक कुठे आहे ते मी दाखवीन.

फळी द्यायची की नाही ते तुकडे बघून ठरवीन. तेवढा हक्क मला आहे. तुकडे ताबडतोब पाठव. आढेवेढे नकोत.

ताई


१६ जुलै

ती. ताईस, नमस्कार.

तुकडे आणि छाप पाठवतोय. ते थेट सुतारकाकांनाच दे. तू उघडून बघायची काही गरज नाही, नीट बांधलेत.

बारक्या


२४ जुलै

बारक्या,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही, म्हणून लिहिला नाही.

तू बघू नको म्हणालास तिथेच मला समजायला हवं होतं. पार्सल कापायच्या टेबलावर उघडलं. गालाचा उंचवटा नाहीच! कानशीने घासून सपाट केलायस. जिथे बाबांचा गाल टेकून टेकून लाकूड काळं आणि गुळगुळीत झालं होतं, तीस वर्षांचा घाम आणि तेल मुरलं होतं, तिथे पांढरंफटक लाकूड आणि कानशीचे आडवे ओरखडे. आणि घासत घासत तू पार मुठीपर्यंत आलास. मूठ कागदासारखी केलीस आणि मग ती मोडली. खुंटी म्हणे! तोंड वर करून खोटं बोललास माझ्याशी.

सुतारकाकांनी त्यावरून अंगठा फिरवला. मला विचारलं, हे कुणी केलं. मी सांगितलं, तर त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, आज काम होणार नाही.

बाबांचा एक फोटो धड नाही आपल्याकडे. आवाज कुठे साठवलेला नाही. त्यांचा गाल कुठे टेकायचा तेवढी एक जागा होती, आणि ती तू बाल्कनीत बसून घासून टाकलीस. भुगा झाडूने काढला असशील ना? की तुझ्या बायकोने काढला?

फळी नाही. दस्ता नाही. पुन्हा पत्र पाठवू नकोस.


३० जुलै

ती. ताईस,

नको म्हणालीस तरी हे एक पाठवतोय.

हो, मी घासला. तीन रविवार लागले. वाटलं होतं, उंचवटा काढला की माझा उजवा गाल बसेल. जन्मात एकदा मला ती बंदूक माझ्या बाजूने खांद्याला लावायची होती, एवढंच. नेमबाजीच्या क्लबच्या मैदानावर गेलो आणि पहिल्याच गोळीला मूठ फुटली. लोखंड जबड्यावर आलं. दोन दात अजून हलतात. खाली बसलो तर लोक धावत आले, त्यांना वाटलं दुखतंय म्हणून रडतोय मी.

तुझ्याशी खोटं बोललो, कारण तू काय म्हणशील ते पाठ होतं मला. तेच तू म्हणालीस.

पण माझंही ऐकून घे. तुला त्या लाकडात बाबांचा गाल दिसतो. मला त्यात इतकंच दिसायचं की हे माझ्यासाठी नाही. सोळाव्या वर्षी घर सोडून मामाकडे काम शिकायला गेलो, तेव्हाही ते मला थांब म्हणाले नाहीत. मी त्यांच्या हिशेबात नव्हतोच. मग ती बंदूक माझ्या नावावर ठेवून तरी काय करू? २० तारखेला जाऊन जमा करून येतो. कापू देत.

तुला फोन मी आता करणार नाही. सुखी राहा.
बारक्या


१२ ऑगस्ट

चि. बारक्या यास, आ.

सोबतच्या पार्सलमध्ये दस्ता आहे. सुतारकाकांनी महिन्याचं काम रात्रंदिवस खपून आठ दिवसांत केलं. तपासणीच्या आत पोचावा म्हणून दुकान बंद ठेवून स्वतः टपालात टाकायला गेले. बंदूक जमा करायची नाही.

आता पुढचं नीट वाच, कारण मी हे पुन्हा लिहिणार नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी फळीवरचं मांजरपाट उसवलं. ब्लँकेट काढलं. खाली काय आहे ते मला माहीत होतं, आज नाही, अठ्ठावीस वर्षांपासून. फळीवर बाबांच्या हाताने दस्त्याचा आकार काढलेला आहे. गालाचा उंचवटा उजव्या गालासाठी. मागच्या टोकाला रेघ आणि तिच्यावर आकडा, साडेबारा इंच. खाली लिहिलंय, बारक्याचा.

कोपराच्या खोबणीपासून चाप ओढायच्या बोटाच्या पेरापर्यंत जेवढा हात, तेवढा दस्ता लांब लागतो. तुला आधी कळू द्यायचं नव्हतं म्हणून त्यांनी मला तुझा शाळेचा शर्ट आणायला सांगितलं. मी आणून दिला. बाहीवरच्या रेघा त्यांच्या, कोपरापासून मनगटापर्यंतचं माप घ्यायला ओढलेल्या. आईने तुला मारलं तेव्हा ते बोलले असते तर सगळं फुटलं असतं, म्हणून पेपरात डोकं घालून बसले. नंतर परसात जाऊन उभे राहिले ते जेवायलाच आले नाहीत.

मग तू गेलास. ते म्हणाले, परत येईल तेव्हा करू, तोवर सांगू नकोस. तू दर वर्षी दोन दिवस पाहुण्यासारखा यायचास, बंदुकीकडे बघायचाही नाहीस. तुम्ही दोघंही एकाच मातीचे. त्यांनी विषय काढला नाही, तू काढला नाहीस.

आणि मी? मला राग होता, रे. दिवा मी धरायचा, नळी मी पुसायची, म्हातारपणी त्यांना उठवायचं-बसवायचं मी. आणि त्यांनी आयुष्यात एकच नवा दस्ता करायला घेतला, तो तुझा. म्हणून त्याच्यावर ब्लँकेट गुंडाळलं आणि इस्त्री फिरवत राहिले. ते गेल्यावरही सांगितलं नाही. तू कानस चालवलीस, मी हे केलं. आता कुणाचं जास्त ते तू ठरव.

सुतारकाका म्हणाले, रेघेच्या पुढे अजून चांगलं वीतभर लाकूड आहे, जरा सोडून कापू का? मी म्हटलं, बाबांच्या रेघेपासून केसभर हलायचं नाही. रेघेवरच कापलंय. उरलेला तुकडा मी ठेवून घेतला, लहान मुलांच्या बाह्यांना होईल.

कानशीचं मी विसरलेले नाही.
ताई


२२ ऑगस्ट

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

बंदूक तपासणीत पास झाली. साहेबांनी हातात घेऊन फिरवून पाहिली आणि विचारलं, हे काम कुणाचं. मी सांगितलं, वडिलांचं. शिक्का मारून दिला.

लोखंड पहिल्या फटक्यात बसलं. दोन्ही स्क्रू बोटांनी आत गेले. सुतारकाकांना माझा नमस्कार सांग. उंचवट्यावर उजवा गाल अगदी बरोबर टेकतो.

घरी येऊन दार लावलं आणि खांद्याला लावली. आखूड आहे. अंगठा नाकावर येतो, मान मुडपून धरावी लागते. गोळी मारली तर पुन्हा जबड्यावरच बसेल. पंधराव्या वर्षी मिळाला असता तर हाताला बसला असता, ताई. आज मी त्रेचाळीस वर्षांचा आहे. आता तो माझ्या कामाचा नाही, आणि ज्या पोराच्या मापाचा आहे त्याला तू सांगितलं नाहीस.

तुझ्या बाबतीत एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. दिवसभर गळ्यात टेप अडकवून तू परक्या माणसांची मापं घेतेस. पोट सुटलेल्याला थट्टेने विचारतेस, एक इंच सैल ठेवू का. आठ दिवस लाकूड सुतारकाकांच्या पुढ्यात होतं, ते स्वतः विचारत होते. आणि तुला एका ओळीत लिहिता आलं नाही की बारक्या, तुझा हात आता केवढा आहे. एक ओळ पुरली असती.

विचारलं नाहीस तरी कळवतो. कोपराच्या खोबणीपासून पेरापर्यंत चौदा इंच. हिने मोजलं, दोनदा.

दीड इंच कमी पडतो. तो दीड इंच तुझ्याकडे आहे, तू त्याच्यावर लहान मुलांच्या बाह्यांना इस्त्री करतेस. मी मागत नाही. एकदा मागून झालंय.

बंदूक खुंटीवर आहे. या वेळी खुंटी खरंच पक्की ठोकली आहे.

बाबांचा लोभ होता, हे मला उशिरा कळलं. तुझा असेल तर तसं कळव.
बारक्या