‘टाका’ची किल्ली आणि एकोणतीस ओळी

गेल्या महिन्यात खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी मी अकरा दिवस रुग्णालयात होते. तेवढ्यात मी लिहिलेल्या ‘टाका’ या प्रोग्रॅमच्या चर्चापानावर कुणीतरी तक्रार नोंदवली : “बाई गेल्या का?” तिच्याखाली सत्तेचाळीस उत्तरं आली, दोघांनी श्रद्धांजलीही वाहिली. घरी आल्यावर “दोष आढळला नाही” असा शेरा मारून मी ती तक्रार बंद केली. पण प्रश्न रास्त होता. म्हणून हे मृत्युपत्र.

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, निवृत्त गणितशिक्षिका. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला कपाटाच्या वरच्या खणात आहे. जावयांना शंका आल्यास पाहावा. हे मी कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहतं घर सामानासह माझ्या मुलीला. मागच्या खिडकीची कडी आधी वर दाबायची, मग ओढायची. सुताराला बोलावू नये.

२. बँकेतल्या ठेवी मुलगी आणि माझी थोरली ताई यांना निम्म्या-निम्म्या. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आहे, तरी ती माझ्या आधी जाईल असं मला वाटत नाही. गेलीच, तर सगळं मुलीला.

३. विणयंत्र ताईचंच आहे, ते तिला परत. बावीस वर्षांपूर्वी ते तिच्या विणकामाच्या कारखान्यातून माझ्याकडे आलं. बनवणारी कंपनी बंद पडली होती आणि यंत्राला नक्षी कळवायची सोय तिच्याबरोबर गेली होती. ताई म्हणाली, “कॉलेजात एवढं शिकलीस, आणि एक यंत्र हलेना तुझ्याच्यानं?” मला आठ महिने लागले. संगणकावर काढलेली नक्षी यंत्राला टाक्याटाक्याने सांगणारा जो प्रोग्रॅम तयार झाला, तोच ‘टाका’.

४. ‘टाका’ मी कुणाला देऊ शकत नाही, कारण तो सगळ्यांचा आहे. त्याचा कोड पहिल्या दिवसापासून खुला आहे. कुणीही वाचावा, वापरावा, सुधारणा पाठवावी. जावई याला “आईंचं फुकटचं काम” म्हणतात. त्यांच्या अंगावरचा निळा स्वेटर याच फुकटच्या कामातून निघाला आहे, एवढं नोंदवून पुढे जाते.

मात्र आलेली सुधारणा तपासून मूळ प्रतीत घेण्याचा अधिकार एकाच सांकेतिक किल्लीला आहे, आणि ती माझ्याकडे आहे. ती माझ्याबरोबर गेली, तर नवे संगणक येतील तशी शेकडो कारखान्यांतली जुनी यंत्रं एकेक करून मुकी होतील.

५. किल्ली कुणाला, हे सांगण्याआधी एक कबुली.

नऊ वर्षांपूर्वी मी नक्षी वाचणारा भाग नव्याने लिहिला. विणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरांनी लगेच कळवलं : विणताना आपल्याला कापडाची मागची बाजू दिसते, म्हणून नक्षी आधी फिरवून द्यावी लागते. जुना प्रोग्रॅम फिरवत होता, नवा फिरवत नाही. सोबत त्यांनी दुरुस्तीही पाठवली. ती मी दोन महिन्यांत अकरा वेळा परत केली. कधी ओळींची मांडणी वेडीवाकडी, कधी टिपण नाही. घरात मी त्यांना दीडशहाणा म्हणत असे. शेवटी लिहिलं, “मी स्वतः चाचणी घेतली आहे. नक्षी सरळ येते.”

त्यांचं उत्तर आलं, “बाई, तुम्ही चाचणीला चौकट विणता. ती कशीही फिरवा, तशीच दिसणार. एकदा अक्षर विणून बघा.”

मी विणलं नाही. ते ‘टाका’ सोडून गेले.

पुढे ताईच्या कारखान्याने एका शाळेचे चाळीस स्वेटर विणले. विणताना नाव सरळ दिसत होतं. ताईचा फोन आला, “पोरं आरशासमोर उभी राहिली, तरच शाळा कळेल गं.”

त्या दुपारी मी कारागिरांचीच एकोणतीस ओळींची दुरुस्ती नीट मांडून माझ्या नावावर घातली. कोडच्या इतिहासात प्रत्येक ओळीपुढे लिहिणाऱ्याचं नाव राहतं. त्या ओळींपुढे माझं आहे. ते खोटं आहे. इतिहास मागे जाऊन खोडला, तर पुढचं सगळं विस्कटतं; म्हणून गेल्या आठवड्यात वेगळी जाहीर नोंद जोडली की त्या ओळी त्यांच्या आहेत. माफी त्याच नोंदीत मागितली आहे.

६. किल्ली त्यांना. ते घेतील याची खात्री नव्हती, म्हणून फोन केला.

“मी ‘टाका’वाली बोलतेय.”

“तुम्ही गेलात असं वाचलं होतं.”

“अफवा होती. माझी नोंद वाचलीत?”

“वाचली. नऊ वर्षं लागली बाई तुम्हाला.”

“लागली. किल्ली घ्याल का?”

“आणि तुम्ही काय करणार?”

“सुधारणा पाठवीन. तुम्ही तपासा.”

“नाही पटली तर परत येईल.”

“येऊ दे.”

“गुरुवारी येतो.”

तेव्हा माझ्या मृत्यूची वाट न पाहता किल्ली आताच द्यायची आहे. मुलगी म्हणते, “आई, मग हे मृत्युपत्रात कशाला?” लेखी असलेलं बरं.

ठिकाण : राहतं घर, पुढची खोली.
दिनांक : ७ ऑक्टोबर, मंगळवार.
लिहून ठेवणार : (सही)

साक्षीदार. यातलं काहीही मिळणार नाही हे सांगून दोघांच्या सह्या घेतल्या.
१. शेजारच्या दंतवैद्य (सही)
२. माझ्या शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक (सही)

हस्तांतराची नोंद, ९ ऑक्टोबर, गुरुवार

मुलीसमोर दिलं : संगणकाला लावायची बोटभर किल्ली, एक. सांकेतिक शब्दांचा बंद लिफाफा, एक. ‘टाका’मधल्या माहीत असलेल्या दोषांची माझी वही, एक.

कारागिरांनी तिन्ही वस्तू पाहून घेतल्या आणि सही केली. वही त्यांनी इथेच बसून पूर्ण वाचली. तीत त्यांना चार चुका सापडल्या. तीन मी मान्य केल्या. चौथीवर वाद चालू आहे. पुढच्या गुरुवारी ते पुन्हा येणार आहेत.