घाट चढून आलेला मासा

बोरी बुद्रुक
दिवाळीनंतरचा सोमवार, २००४

प्रिय आरते,

'प्रिय' हा शब्द तुझ्या आईनं सांगितला म्हणून लिहिला. शीलाला वाटतं, त्याच्याशिवाय पत्र पोचत नाही. बाकीचं सगळं माझं आहे. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली माझी अक्षरं अजून मेंढरांसारखीच चालतात, एक पुढं पळतं नि एक मागं रेंगाळतं. तू मास्तरीण आहेस, पण लाल पेन घेऊन बसू नकोस. वाच.

परवा भगवंताच्या दुकानात तुझ्या नवऱ्याचा फोन आला. मला तिथवर चालवत नेलं आणि हा बाबा नुसता "आजी, आजी" करतोय. निम्मं गाव दुकानात कान लावून उभं. मी म्हटलं, "सूरजराव, रडायचं आसंल तर घरी रडा, बोलायचं आसंल तर बोला, फोन चालू हाय." मग बोलला. तुला सातवा लागला तरी अंगावर काही धरत नाही, बाळ वाढायला पाहिजे तसं वाढत नाही, पेणच्या डॉक्टरीणबाई रागावल्या. तुमची घरमालकीण हिरूबाई तळ्यातला जिताडा मासा आणते, कालवण करून वाटी दारात देते, आणि तू ती झाकणासकट परत पाठवतेस. का, तेही त्यानं शेवटी सांगितलं. मी फोन ठेवून दिला. भगवंत म्हणाला, "काय झालं, तुकाआजी?" मी म्हटलं, "तुझ्या साखरंला मुंग्या लागल्यात, त्या बघ आदी."

त्या दुपारी कांद्याच्या बांधावर बसल्या बसल्या माझा डोळा लागला. स्वप्नात एक मासा आला. हातभर नाही, चांगला वासराएवढा, अंग नव्या पत्र्यासारखं चमकत होतं. तो माळशेजचा घाट चढून आला होता. खालून आमची मेंढरं चढत होती आणि तो त्यांच्यातूनच पोहत होता, जणू ती लोकर नाही, फेसाळलेलं पाणी आहे. एकही मेंढरू बुजलं नाही. पिंपळवंडीच्या उसातून, कुकडीच्या काठाकाठानं तो आपल्या बांधापर्यंत आला आणि माझ्या पायाशी थांबला. बोलला काही नाही, नुसता कल्ले हलवत राहिला. मला राग आला. एवढा घाट चढून यायचं आणि गप्प बसायचं? जागी झाले तर शीलानं पाणी या सरीत वळवलं होतं नि माझी पावलं भिजली होती.

जिताड्याची गोष्ट तू लहानपणी शंभरदा ऐकली आहेस. आता लिहून घे. दिवाळी झाली की आम्ही मेंढरं घेऊन कोकणात उतरायचो. पहाटे घाटात सगळं धुकं खाली साचलेलं असायचं. मेंढरं त्यात शिरली की दिसेनाशी व्हायची, नुसत्या गळ्यातल्या घंट्या ऐकू यायच्या. वाटायचं, आपण ढगातच उतरतोय, खाली जमीन असेल की नाही कोण जाणे. पण असायची. भाताची कापलेली रानं, मधेमधे तळी, तळ्यात उलटं आभाळ. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे, खत व्हायचं, आणि आम्हाला भात द्यायचे. अशाच एका रानात घोंगडीच्या आडोशाला तुझा बाप जन्मला. त्याला पाजायला मला दूध येईना. पोरगं रडून निळं पडायला आलं. तर त्या रानाच्या मालकाची म्हातारी, नाव विचारायचं राहूनच गेलं, तळ्यातला जिताडा काढून कालवण घेऊन आली. म्हणाली, "खा गो बाय, ह्यो बालंतिनीचा मासा." पांढराशुभ्र, जाड जाड पाकळ्या सुटणारा, काटे थोडे आणि मोठे, हाताला लागणारे. वर सोन्यासारखा तेलाचा तवंग. मी तुझ्या आजोबांना विचारलं नाही, देवाला विचारलं नाही, खाल्ला. दुसऱ्या दिवशी चोळी भिजली. माशानं आलं की पोटभर गरम जेवण मिळालं म्हणून आलं, ते मी सांगत नाही, मला माहीत नाही. पण तुझा बाप जगला. डोक्यानं जरा मागं राहिला, तो दोष माशाचा नाही, त्याच्या बापाच्या घराण्याचा.

आता तुझ्या डॉक्टरीणबाई तेच इंग्रजीतून सांगतात. सूरजनं फोनवर पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं. जिताड्यात प्रोटीन लई, त्यानं पोटातल्या पोराचं मांस भरतं. त्यातल्या तेलानं पोराचा मेंदू आणि डोळे घडतात. पचायला हलका. पण रक्ताच्या गोळ्या त्याच्याबरोबर घ्यायच्याच, मासा गोळीचं काम करत नाही. बाई शहाणी दिसते. चांगला शिजवून खायचा हेही म्हणाली. हे कळायला ती एवढं शिकली आणि त्या म्हातारीला शाळा ठाऊक नव्हती. दोघींचं म्हणणं एकच, तर मधे तू कोण शहाणी?

तू कोण ते मला आता कळलं आहे. तुला पेणची नोकरी लागायच्या आधीच्या पावसाळ्यात मी मंचरच्या दवाखान्यात पडले होते. छातीत पाणी झालेलं. तुझा बाप संपत बाहेर रस्त्यावरचे ट्रक बघत बसायचा, शीला रडायची, आणि तू दोन दिवस कुठं दिसली नाहीस. मला वाटलं, परीक्षा असेल. तू बिरोबाकडं गेली होतीस. आजी बरी झाली तर जन्मभर मासळी खाणार नाही, असं बोलून आलीस. तू! येडगावच्या धरणाची मासळी आली की चुलीपासून न हलणारी, डोकंसुद्धा चोखून ठेवणारी मांजर! मी बरी झाले ती सुयांनी आणि सलाईननं, पण ते राहू दे. त्यानंतर घरी मासळी शिजली की तुझं पोट दुखायचं. आणि मी बिनदाताची, मटण चावत नाही म्हणून मासळीवरच जगणारी, तुझ्या वाटचे तुकडेही खात होते. वर म्हणत होते, पोरीचं तोंडच मेलं.

इकडचं बरं आहे. कांदा लावून झाला. तरण्या मेंढीला जुळं झालं, एक काळं, एक पांढरं. काळं दांडगट आहे, पांढऱ्याला पिऊ देत नाही, मला मधे बसावं लागतं. तुझा बाप म्हणतो, बाळंतपणाला आरती आली की तिच्या पोराला खेळायला होतील. पोर आधी नीट वाढू दे, मग खेळवा, असं मी त्याला म्हटलं.

नवस मोड असं मी सांगणार नाही. बिरोबाला फसवायचं नसतं, हे तुला मीच शिकवलं. म्हणून काल संपतच्या स्कूटरवर मागं बसून देवळात गेले. देवाला म्हटलं, जीव माझा वाचवलास, मग मोल पोरीकडून का घेतोस? पोटातल्या पोरानं तुझं काय घेतलंय? तिनं सोडली ती मासळी आजपासून मी सोडते, तिची तिला परत दे. पुजारी चांगदेव म्हणाला, असा नवस दुसऱ्याच्या अंगावर जात नसतो. मी म्हटलं, तुला कोण विचारतंय, कौल लाव. देवाला दोन्हीकडं फुलं लावली. बसून बसून पायांना मुंग्या आल्या, मग उजवं पडलं, म्हणजे देव हो म्हणाला. चांगदेव म्हणाला, "वाऱ्यानं पडलं." मी म्हटलं, "मंग वारा कुणाचा रं, तुझ्या बापाचा?" तेव्हा त्यानं भंडारा दिला. तो या पत्रात पुडीत आहे, कपाळाला लाव आणि वाटी घे. डोळ्यात पाणी आणायचं काम नाही, मटण आहेच, दात नाहीत ही गोष्ट वेगळी. नवव्यात तुला न्यायला मीच घाट उतरून येणार आहे. हिरूबाईला आत्तापासून सांगून ठेव, त्या दिवशी जिताडाच कर म्हणावं. तू जेव, मी शेजारी बसून काटे काढून देईन. वास घेतलेला चालतो, ते मी देवाला वेगळं विचारून घेतलं आहे.

तुझीच, वास घ्यायला येणारी,
तुकाआजी