अक्काच्या भेटीचं ॲप

तीर्थरूप अक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर जेवढं वाकू देते तेवढाच, बाकीचा समजून घे). तुझे गुडघे कुरकुरत असतील तर कुरकुरू देत, या वयात आपल्याशी बोलतंय तरी कोण! माझं म्हणशील तर दात गेले, झोप गेली, दुकानातलं गिऱ्हाईक गेलं, भूक तेवढी चिकटून आहे. पत्र सिस्टर वाचून दाखवणार म्हणून अक्षर जरा सुवाच्य काढतोय.

तीन महिने मी भेटायला आलो नाही, म्हणून तू रुसली असशील. हक्कच आहे तुझा. पण यात माझा काडीचा दोष नाही, सगळा दोष फोनचा. तुमच्या वृद्धनिवासाने नवा नियम काढलाय, भेटीची वेळ म्हणे ॲपवरच घ्यायची. पूर्वी दारातल्या वहीत सही ठोकली की मी आत. आता तो पहारेकरी काठी आडवी धरून "आजोबा, ॲप" एवढंच बोलतो. (माझ्याहून फार तर चार वर्षांनी लहान असेल, आणि आजोबा म्हणतो मेला!) खरं सांगू का, करमत नाही गं. लहानपणी पाटी कोणी फोडली यावर भांडायला तुझ्याशिवाय मला कोण उरलंय?

तेव्हा सूनबाईने कपाटात दोन वर्षं मेल्यासारखा पडलेला तिचा जुना फोन काढून दिला. चार्जिंगला लावल्यावर महाराज जागे झाले आणि पहिलाच प्रश्न, वेळ आपोआप घेऊ का? म्हणजे बघ! चाळीस वर्षं मी लोकांची घड्याळं लावून दिली, आणि मला वेळ सांगणार कुठला तरी टॉवर? मी साफ नको म्हटलं. दुकानातल्या लंबकाच्या घड्याळाशी ताडून तास, मिनिट, सेकंद आणि तारीख, सगळं स्वतःच्या हाताने लावलं आणि मग मोठ्या रुबाबात ॲप डाउनलोड करायला बसलो.

ते काही उतरेना. आधी म्हणे फोनमध्ये जागा नाही. पाहतो तर सूनबाईच्या चपलांचे चारशे फोटो (एवढ्या चपला मी तिच्या पायात जन्मात पाहिल्या नाहीत). तिला विचारून ते काढले. मग म्हणे जोडणी सुरक्षित नाही. फोन बंद करून चालू केला. सिमकार्ड काढून फुंकर मारून पुन्हा बसवलं, घड्याळाच्या यंत्राला मारतो तशी. कोणीतरी म्हणालं उंचावर नेट चांगलं मिळतं, म्हणून गच्चीवर गेलो, तिथून पाण्याच्या टाकीवर चढलो. मुलाने आरडाओरडा करून खाली उतरवलं (मला. ॲप वरच राहिलं). शेवटी माझ्या दुकानाशेजारची मोबाइलवाली, बाई मोठी गुणाची, तिच्याकडे खेपा सुरू केल्या. तिने तिचं नेट लावून पाहिलं, काय काय पुसून पाहिलं, आणि चौथ्या खेपेला तिनेही हात टेकले.

पाचव्या खेपेला मात्र ती एकदम कपाळाला हात लावून ओरडली, "अहो काका, यात साल दोन वर्षांमागचं आहे!" फोन जुन्या सालात आणि ॲप आजचं, तेव्हा दोघांचा एकमेकांवर विश्वासच बसत नव्हता म्हणे. आता अक्का, तूच न्याय कर. घड्याळात साल असतं का? बारा आकडे, तीन काटे, फार तर तारखेची खिडकी. साल बिघडलंय म्हणून माझ्याकडे आजवर कोणी आलं नाही. मी सेकंदाचा फरक राहू दिला नव्हता, आणि दोन वर्षं माझ्या नजरेतून सुटली. तिने एक बटण दाबलं आणि माझ्या हातातला चहा संपायच्या आत ॲप फोनमध्ये येऊन बसलं.

तर आता अडचण मिटली, भेट होईलच. जपून राहा, औषधं थुंकू नकोस.

तुझा,
वयाने म्हातारा, नात्याने धाकटा

ता. क. : मनगटावरच्या घड्याळाला चावी सकाळी देत जा आणि ती पिळू नकोस, अडली की थांब.

आणखी ता. क. : सिस्टर, इथून पुढचं कृपा करून मनातल्या मनात वाचा. ॲप येऊन तीन आठवडे झाले. दोनदा मी वेळ घेतली आणि दोन्ही खेपेला 'रद्द करा' दाबलं. ते बटण मला कोणाच्याही मदतीशिवाय सापडलं. मागच्या खेपेला अक्का मला "अहो, या, बसा" म्हणाली. मग अर्धा तास तिच्या धाकट्या भावाचं कौतुक सांगत बसली. हात किती हलका, स्वभाव किती गोड, आता येईलच म्हणे तो. माझ्या तोंडावर तिने माझं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं. मी घाबरलो हो सिस्टर, उठून पळालोच.

येत्या गुरुवारी चारची वेळ घेतली आहे. ही रद्द करणार नाही. फक्त एक करा, तिने ओळखलं नाही तर "अहो, हाच तुमचा भाऊ" असं सांगू नका, ती उगाच ओशाळते. एक खुर्ची तिच्याजवळ ठेवा. ती धाकट्याची वाट बघत असेल, तर मीही तिच्या शेजारी बसून त्याची वाट बघेन.